गंगुबाई ६०, राजाराम ४५

ड्रिलच्या भोकातून उडणारी धूळ दौलत घाडी तळहातावर घेतात, अंगठ्यानं चोळतात आणि म्हणतात, "अजून तीन फूट." तीन फुटांवर कातळ लागतो. दर वेळी नाही, पण दहातून नऊ वेळा तरी. उरलेल्या एका वेळेची मी वर्षभर वाट पाहिली, एवढं सांगितलं तरी आमचं नातं कळेल.

मी सांगोल्याच्या शाळेत शिकलो, सोलापुरात इंजिनिअर झालो आणि त्यावर आणखी दोन वर्षं फक्त माती आणि खडक शिकलो. मग परळला एका टॉवरच्या साइटवर लागलो. चाळीस फूट खोल खड्डा खणायचा, त्यात तीन तळघरं बांधायची, आणि ती बांधून होईपर्यंत भोवतालची माती, फुटपाथ आणि शेजारची तीन मजली चाळ यांतलं काहीही खड्ड्यात येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. घाडींचंही तेच. फरक इतकाच की माझ्याकडे लॅपटॉप होता आणि त्यांच्याकडे माणसं.

घाडी चोपन्न वर्षांचे. वडील इथल्याच एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कामाला. संप झाला तेव्हा दौलत सातवीत. गिरणी उघडेल म्हणून वडिलांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग सगळं बिऱ्हाड कणकवलीजवळच्या गावी नेलं. नववीत शाळा सुटली. पुढे कोकणात रेल्वेसाठी डोंगर कापायला लागले तेव्हा हा पोरगा कमरेला दोर बांधून कड्यावरून लटकायला लागला. सुटे दगड पहारीनं पाडायचे, उरलेल्या कड्यात भोकं मारून लोखंडी सळ्या रोवायच्या, वरून जाळी ताणायची. चार पावसाळे हे केलं. एकदा निसटलेला दगड खांदा सोलून गेला. तो व्रण ते कुणालाही दाखवत नाहीत, पण उन्हाळ्यात शर्टाचं वरचं बटण उघडं असलं की दिसतो. माझ्या अंगावर देवीच्या लशीचाही डाग नाही. मी माणसाच्या जखमेवरसुद्धा जळलो आहे.

मग ते मुंबईला परतले आणि काळाचौकीला भाड्यानं राहिले. तीस वर्षं त्यांनी या शहराच्या खड्ड्यांच्या भिंती धरून ठेवल्या. वडिलांची गिरणी पाडून झाली होती. आमची साइट तिच्या शेजारच्याच आवारात. सुरुवातीला मी जरा हळवं तोंड करून विचारलं, "काका, कसं वाटतं इथे काम करताना?"

"तेव्हा बापूस वर होतो, आता मी खाली," ते म्हणाले. "ड्युटी आठाक लागायची, आजही आठालाच लागते. चल, पंप चालू कर."

रोज इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशात पेन नाही, मागच्या खिशात अर्ध्या इंचाचा ब्रश. या ब्रशाचं प्रकरण सांगायला हवं, कारण माझ्या पोटातली खरी आग तिथून सुरू झाली.

खड्ड्याची भिंत नुसती उभी राहत नाही. तिला मागून ओढून धरावं लागतं. त्यासाठी भिंतीत तिरकं भोक मारतात, ते मातीतून खाली कातळापर्यंत नेतात, त्यात पोलादी तारा सोडतात आणि टोकाला सिमेंटचं पातळ कालवण भरतात. ते आठवडाभरात घट्ट झालं की बाहेरून जॅकनं तारा ताणायच्या आणि पाचर मारून अडकवायच्या. याला आम्ही अँकर म्हणतो. अडचण अशी की भिंतीच्या मागे शेजाऱ्याची जमीन असते. आमचे एकवीस अँकर चाळीच्या तळमजल्याखालून जाणार होते आणि ज्याच्या खोलीखालून तार जाईल त्याची लेखी संमती हवी होती.

चाळीच्या व्यायामशाळेत सभा झाली. मी बेचाळीस स्लाइड तयार केल्या होत्या. तिरक्या रेषा, मातीचे थर, रंगीत बाण, सगळं. बाराव्या स्लाइडला मागून कुणीतरी विचारलं, "यात चहा कितव्या नंबरला आहे?" सोळाव्याला सहा नंबरच्या खोलीतल्या गंगुबाई उठल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, एके काळी चाळीस गिरणी कामगारांची खानावळ एकटीनं चालवलेली. प्रोजेक्टरच्या उजेडात येऊन त्या उभ्या राहिल्या, त्यामुळे माझा कातळाचा थर त्यांच्या लुगड्यावर पडला.

"माझ्या खोलीखालसून लोखंड नेतले," त्या म्हणाल्या, "आणि वर माझीच सही व्हयी?"

मी उत्तर देण्यासाठी सतरावी स्लाइड शोधत होतो. घाडी मागच्या बाकावरून उठले.

"मावशी, घुशी तुझ्या खोलीखालसून जातात त्या सही मागतात काय? हा बिचारा विचारतो तरी."

सभा हसली. मग त्यांनी खडू मागितला, व्यायामशाळेच्या फरशीवर एक चौकोन काढला, त्याच्या खालून एक तिरकी रेघ ओढली. "ही तुझी खोली, ही तार. तू दुपारची आडवी झालीस तरी ही जागी. आता ऐका सगळे. जी तार ज्याच्या खाली, ती त्याच्या नावाची. कागदावर हे लोक नंबर टाकतील, भिंतीवर मी नाव घालीन."

अर्ध्या तासात एकवीस सह्या झाल्या. उरलेल्या सव्वीस स्लाइड आजही माझ्याकडे आहेत.

घाडींनी शब्द पाळला. माझ्या नकाशात जो दुसऱ्या रांगेतला चौदावा अँकर होता तो भिंतीवर 'गंगुबाई ६०' झाला. पंधरावा झाला 'राजाराम ४५'. आकडा म्हणजे किती टन ओढ धरायची तो. चाळ त्या भिंतीच्या माथ्यावर असल्यामुळे चाळकऱ्यांना घरातून काही दिसत नसे. पण समोरच्या रस्त्याकडे साइटच्या पत्र्याच्या कुंपणाला एक झडप होती आणि संध्याकाळी तिथे रांग लागू लागली. लोक आपापलं नाव पाहून जात, पाहुण्यांना आणून दाखवत. आणि अर्थात दुसऱ्याचा आकडाही पाहत.

एका सकाळी राजाराम तावडे माझ्या केबिनमध्ये आले. सात नंबरची खोली, पोस्टातून निवृत्त, बोलताना प्रत्येक वाक्याला शिक्का मारल्यासारखे थांबणारे. गंगुबाईंच्या आणि त्यांच्या खोल्यांच्या मध्ये लाकडी पार्टिशन आहे आणि सामाईक मोरीच्या नळावरून बारा वर्षांचा अबोला आहे.

"पंचेचाळीस कसे?" त्यांनी विचारलं.

"काका, तो हिशोब मातीच्या दाबाचा आहे. तुमची खोली कोपऱ्याजवळ, तिथे दाब कमी."

"म्हणजे माझी खोली हलकी?"

"खोलीचा तसा संबंध नाही."

"माझ्याकडे लोखंडी कपाटं दोन आहेत. तिच्याकडे एक पाटा-वरवंटा." ते थांबले. "साठ?"

मी त्यांना सूत्र काढून दाखवलं. त्यांनी कागद उलटा करून पाहिला, माझ्या सहीखाली शिक्का नाही याची नोंद घेतली आणि गेले. त्या दिवसापासून ते रोज झडपेशी येत आणि चौदा नंबरकडे बघत उभे राहत. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली. एकाच आजाराची दोन माणसं दवाखान्यात शेजारी बसली की वाटते तशी.

कारण माझा आजार वाढत होता. घाडींचे वडील गंगुबाईंच्या खानावळीत जेवत असत, त्यामुळे घाडींना दुपारी सहा नंबरमधून हाक यायची. "जेवलंस काय रे, दौल्या?" मग बांगड्याचं तिखलं आणि भाकरी. कामाची मोजमापं घ्यायला मीही त्याच दारात उभा असायचो. भिंतीवरच्या तड्यांना आम्ही काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, तडा हलला की काच फुटते. त्या काचा रोज बघणं माझं काम. गंगुबाईंनी एकदा मला विचारलं, "तुम्ही घाटावरचे. तुमका मासे चलतत?" मी तोंड उघडेपर्यंत हातात चहा आला. वर्षभर चहाच आला. मी मासे खातो, हे सांगायची वेळ पुन्हा मिळाली नाही, आणि स्वतःहून सांगणं मला कमीपणाचं वाटलं.

मार्चमध्ये दुसऱ्या रांगेची ओढ द्यायला घेतली. अँकर ताणायच्या आधी भिंतीवर आकडा लिहायचा नसतो. ताणून, अडकवून, खात्री झाल्यावर लिहायचा. घाडींना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण झडपेशी माणसं उभी असायची, "माझं नाव कधी?" म्हणून विचारायची, आणि घाडींनी नाव लिहिताना आकडाही आधीच टाकून दिला. सगळ्या रांगेवर. तेरा अँकर आकड्याला जागले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. राजारामचा पंधरावाही आदल्या दिवशी पंचेचाळीसला बिनतक्रार बसला होता.

दुपारी चौदाव्याला जॅक लावला. घाडी पंपाशी, मी काट्याशी. वीस. तीस. पस्तीस. अडतीसला काटा थांबला. घाडींनी पंप मारला तर तारा बाहेर येत होत्या, काटा तिथेच. म्हणजे आतलं टोक कातळात धरत नव्हतं, सरकत होतं.

घाडींनी पंप सोडला. भिंतीला हात लावून उभे राहिले.

"एकतीस गोण्या प्याला होता," ते म्हणाले. "तेव्हाच कळायला हवं होतं."

एका अँकरला चौदा गोण्या सिमेंट लागतं. याला एकतीस लागलं, म्हणजे आत फटी होत्या. धूळ चोळून घाडींनी 'कातळ लागला' म्हटलं होतं ती नुसती कडक खपली होती, तिच्याखाली कुजका खडक. हीच ती दहावी वेळ.

मला आनंद झाला हे कबूल करायला हवं. चाळीस फूट खोल खड्ड्यात, एक भिंत पुरेशी धरलेली नाही हे कळल्यावर, मला आतून उकळी फुटली. मी मोबाईल काढला. एकाच चौकटीत काट्यावरचे अडतीस आणि त्यामागे भिंतीवर ठळक अक्षरात 'गंगुबाई ६०' येईल असा फोटो घेतला. केबिनमध्ये जाऊन आमचे सल्लागार सौमित्र कर्णिक यांना मेल लिहिला. अँकर नापास, हे त्यांना कळवणं माझं कामच होतं. पण त्याला तीन ओळी पुरल्या असत्या. मी दीड पान लिहिलं. 'चाचणीपूर्वीच भार नोंदवण्याची अनिष्ट प्रथा' असे शब्द मी त्यात घातले. मेलला नाव काय द्यावं याचा मी दहा मिनिटं विचार केला.

त्या दहा मिनिटांत घाडींनी जेसीबी बोलावून चौदा नंबरच्या पायथ्याशी मातीचा टेकू रचला होता. भिंतीला तात्पुरता आधार. मी बाहेर आलो तेव्हा ते वरून घमेल्यानं कडा नीट करत होते.

"कळवलंस वर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णिक सर आले. शिवाजी पार्कचे, आवाज कधी न चढवणारे, रागावले की अधिक शुद्ध बोलणारे.

"घाडी, चाचणीच्या आधी भिंतीवर आकडा कसा आला?"

"चुकलं, साहेब."

एवढंच. मी त्यांची सारवासारव ऐकायला जवळ सरकून उभा होतो. लोक बघत होते, चाळीला विश्वास वाटावा म्हणून लिहिला, असं काहीतरी त्यांना म्हणता आलं असतं. एका शब्दात चूक संपवून ते मोकळे झाले, आणि मी त्याच्यावरही जळलो. मला चूक कबूल करायला किमान दोन परिच्छेद लागतात.

कर्णिक सरांनी नकाशा पाहिला. "दोन आठवडे. त्या जागी साठ टन धरणारी व्यवस्था दाखवा. तोवर त्या भागात खोदाई बंद. नाही जमलं तर मी सहा नंबर खोली रिकामी करायला सांगेन. वरच्या दोन्ही खोल्यांना कुलूपच आहे, तिथला प्रश्न नाही. त्या आजींना शीवच्या संक्रमण शिबिरात हलवा."

नोटीस घेऊन मला आणि घाडींना गंगुबाईंकडे जावं लागलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माका शीवाक जावचा नाय," त्या म्हणाल्या. मागच्या चाळीतले शेजारी दीड वर्षासाठी म्हणून शीवला गेले होते. परवा ते नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, पत्ता शीवचाच होता. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली, घाडींना नाही. घाडींना ती माहीत होती. "ह्या दारातून मी एकदाच जातलंय," त्या पुढे म्हणाल्या, "आणि ता माझ्या पायांनी नाय." मग घाडींकडे वळल्या. "ह्या कोणी केल्यान?"

"वर ह्या पोरान कळवल्यान," घाडी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

त्या दिवशी चहाही आला नाही.

गॅलरीत आल्यावर मी विचारलं, "काका, तुमची चूक आणि नाव माझं?"

"माझ्यावर रागावली तर उद्या तिला समजावणार कोण?" ते म्हणाले. "तुझ्यावर रागावली तर काय नुकसान? तुझं तिथे होतंच काय."

हे इतकं खरं होतं की मी सरळ केबिनमध्ये जाऊन नकाशा उघडला.

कागदावर उपाय सोपा होता. जुनं भोक सोडायचं, हातभर डावीकडे सरकायचं, अधिक उभं आणि पंधरा फूट जास्त खोल जायचं, कुजका खडक ओलांडून खरा काळा कातळ गाठायचा. मी गणित करून पंच्याहत्तर टनांचा अँकर काढला. हे गणित बरोबर होतं आणि ते मी केलं होतं, म्हणून मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. घाडी म्हणाले, "तुझी रेघ तावड्यांच्या खोलीखालसून जाते."

जात होती. म्हणजे राजाराम तावड्यांची नवी सही.

आम्ही गेलो तेव्हा ते पेपराला इस्त्री केल्यासारखी घडी घालत होते. घाडींनी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे खड्डा तुमचा, खोली तिची, आणि तार माझ्या खालून."

"होय, राजारामभाऊ."

"नाही."

"अहो, म्हातारी शीवला जाईल."

"शीवला नळ चोवीस तास असतो म्हणतात. सोय होईल तिची." पार्टिशनपलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. लाकडाला फटी आहेत आणि गंगुबाईंचे कान शाबूत आहेत.

घाडी खाली फरशीवर बसले. मीही बसलो. मी सूत्र आठवत होतो, घाडी राजारामकडे बघत होते.

"नाव तुमचंच लागेल," घाडी म्हणाले.

"माझं लागलेलं आहे. पंचेचाळीस."

"हे दुसरं. पंच्याहत्तर."

राजारामनी पेपर खाली ठेवला. "पंच्याहत्तर."

"धरले तर. या वेळी आधी लिहिणार नाही."

"आणि तिचे साठ?"

"साठ लिहिले होते. धरले अडतीस."

"हे अडतीस कुठे लिहिलेलं आहे?" राजारामनी विचारलं. पोस्टातला माणूस, तोंडी काही मानत नाही.

घाडींनी पुन्हा माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं लिहिलंय. फोटोसकट. दीड पान."

मेलमध्ये मी काय लिहिलंय हे घाडींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. कर्णिक सरांनी त्यांना वाचून दाखवला होता. ते मला एका शब्दानं बोलले नव्हते.

राजारामना छापील प्रत हवी होती, खाली माझी सही, आणि या वेळी शिक्का. मी साइटवर जाऊन घेऊन आलो. त्यांनी चष्मा लावून दीड पान वाचलं. 'अनिष्ट प्रथा'पाशी मान डोलावली. फोटो बराच वेळ बघितला. मग संमतीपत्रावर सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "भाषा चांगली आहे हो तुमची." माझ्या कामाचं वर्षभरात झालेलं ते पहिलं कौतुक, आणि ते माझ्या सगळ्यांत हलक्या कामाबद्दल होतं.

भोक मारायला दोन दिवस लागले. घाडी धूळ तळहातावर घेत होते, पण या वेळी काही बोलत नव्हते. पिवळी आली, तांबूस आली, मग कडक राखाडी आली, जिला मागच्या वेळी ते फसले होते. ड्रिलवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नुसतं पुढे जायची खूण केली. चार फुटांवर पुन्हा मऊ खडक लागला, यंत्राचा आवाज पडला. बारा फुटांवर काळीभोर धूळ आली. त्यांनी ती चोळली आणि हात माझ्यापुढे धरला.

"बघ."

मी चिमूट घेतली. चोळली. मला ती धुळीसारखी लागली.

"काय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मलाही परवा माहीत नव्हतं. अजून सहा फूट जाऊ दे, खात्रीला."

सिमेंट पंधरा गोण्या गेलं. मग सात दिवस थांबायचं होतं आणि त्या सात दिवसांत करण्यासारखं काहीच नव्हतं. मी रोज सहा नंबरमधल्या काचेच्या पट्ट्या बघायला जायचो. शाबूत होत्या. गंगुबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, पण त्यांनी माळ्यावरचा पितळी हंडा खाली काढून ठेवलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यात डबे भरलेले होते. तिसऱ्या दिवशी देवांच्या तसबिरी जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या, भिंतीवर त्यांच्या जागी चार स्वच्छ चौकोन. शीवला जाणार नाही म्हणणारी बाई तयारी करत होती. ते चौकोन बघून मला माझ्या दीड पानाची पहिल्यांदा लाज वाटली. अडतीसची नाही, बाकीच्या ओळींची.

दहाव्या दिवशी जॅक लावला. कर्णिक सर आले होते. झडपेशी राजाराम, पांढऱ्या शर्टात. घाडी पंपाशी, मी काट्याशी. वीस. चाळीस. साठ. पंच्याहत्तरच्याही पुढे, चाचणीपुरतं नव्वदच्या वर नेऊन तासभर थांबायचं आणि तारा किती सरकतात ते मोजायचं. मी दर पाच मिनिटांनी आकडा सांगत होतो. पहिल्या दहा मिनिटांत केसभर सरकलं. घाडी खाली मान घालून बसले होते, त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांना आता ज्याच्यावर अवलंबून राहावं लागत होतं तो एकमेव माणूस मी होतो, कारण आकडा माझ्या तोंडात होता. वर्षभर मला हेच हवं होतं. ते मिळालं तेव्हा आकडा पटकन सांगून टाकावा असं वाटलं.

तास संपला. तारा जागच्या जागी होत्या. कर्णिक सरांनी कागदावर सही केली. पंच्याहत्तरला पाचर मारली. मग घाडी उठले, मागच्या खिशातून ब्रश काढला आणि आधी जुन्या भोकापाशी गेले. 'गंगुबाई ६०' मधले साठ खोडून त्यांनी अडतीस केले. नंतर शेजारी लिहिलं, 'राजाराम ७५'. झडपेतून कुणीतरी दबक्या आवाजात ते वाचलं.

मी खूश झालो, आणि दहा मिनिटांत ते संपलं. कर्णिक सर जाताना घाडींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाडी, कातळ बरोबर गाठलात." गणित कुणी केलं होतं, हे त्यांनी नकाशावर वाचलं असेलच. मला तसं समजायला हरकत नव्हती. मी तसं समजायचा बराच प्रयत्न केला.

नोटीस मागे घेतल्याचं पत्र घेऊन आम्ही दोघे सहा नंबरमध्ये गेलो. गंगुबाईंना सगळं आधीच कळलेलं होतं. राजारामनी गॅलरीत उभं राहून, कुणाकडेही न बघता, पंच्याहत्तर हा आकडा तीनदा उच्चारला होता.

"म्हणजे आता माझी खोली त्याच्या तारेवर?" गंगुबाईंनी घाडींना विचारलं. आवाज मुद्दाम खाली. "बारा वर्सा त्याच्या नळाचा पाणी नाय भरलंय मी."

"मावशी, खोली राहिली ना."

"नको माका. त्यापेक्षा शीव बरा." त्यांनी गुंडाळलेल्या तसबिरींवर हात ठेवला. "खयचा कागद असता तो आण. मी अंगठा देतंय."

त्या थट्टा करत नव्हत्या. मी घाडींकडे पाहिलं. या माणसाला आता काही सुचू नये असं मला वाटलं, आणि त्याच वेळी लवकर सुचावं असंही.

"मावशी, तुझी तार आम्ही काढलेली नाही," घाडी म्हणाले.

"कसली तार? ती नापास."

"साठाला नापास. सुरक्षित म्हणून तीसवर अडकवून ठेवलीय, अजून ओढते आहे. ती सोडली तर तेवढा भार सगळा राजारामवर पडेल. मग त्याचीही कुरकुर सुरू."

"म्हणजे तो माझ्यावर पण?"

"म्हणजे तसंच."

गंगुबाई पुढे झुकल्या. पार्टिशनपलीकडे खुर्ची सरकली आणि थांबली. "हा त्याका सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तो विचारायला आला नाही. आणि मी सांगून तो ऐकतोय कुठे. त्याला कागद लागतो."

गंगुबाईंनी तसबिरींवरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं, बारा दिवसांत पहिल्यांदा.

"तुझ्या कागदार आसा ता?"

होतं. शेवटच्या तक्त्यात, चौदावा अँकर, तीस टन, कायम कार्यरत. मी पान काढून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही, लुगड्याच्या पदरानं बाकाची कड पुसली आणि मला तिथे, पार्टिशनला लागून, बसायला सांगितलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचायला लागलो.

"मोठ्यान वाच. पलीकडे ऐकाक जावंदे."